शेगडी, शाई आणि सक्ती

घरगुती गॅसचं नवं कनेक्शन घ्यायला गेलं की बऱ्याच ठिकाणी काउंटरवर एक वाक्य ऐकू येतं: ‘शेगडी इथूनच घ्यावी लागेल.’ घरात चांगली चालती शेगडी आहे, असं सांगून उपयोग होत नाही. मावळात तळेगाव दाभाडे स्टेशनजवळच्या वराळ्यासारख्या गावात हा प्रश्न वर्षभर ताजा राहण्याजोगा आहे. गावात आणि शेजारच्या आंबीत कॉलेजं आहेत, जवळच एमआयडीसी आहे. त्यामुळे शिकायला आलेली मुलं आणि कारखान्यांत कामाला लागलेली कुटुंबं इथे सतत नवी स्वयंपाकघरं मांडत असतात. खोलीची अनामत, सामानाचा टेम्पो आणि पहिला किराणा भरून खिसा आधीच रिकामा झालेला असतो, त्यात नको असलेली शेगडी गळ्यात पडते. तेल कंपन्यांचा नियम मात्र स्पष्ट आहे. कनेक्शनसोबत शेगडी किंवा दुसरी कुठलीही वस्तू घेण्याची सक्ती वितरकाला करता येत नाही. तशी सक्ती हा वितरकांच्या शिस्तीच्या नियमावलीत गैरप्रकार मानलेला आहे. ग्राहकाने स्वतःची शेगडी आणली, तर ती सुरक्षित आहे की नाही हे वितरकाने तपासावं, तिच्यावर आयएसआयची खूण आहे का ते पाहावं. शेगडी कोणाच्या दुकानातून आली हे विचारण्याचा अधिकार त्याला नाही.

त्याच काउंटरवर दुसरीही एक सक्ती असते आणि तिच्याबद्दल कोणी फारसं कुरकुरत नाही. सिलिंडर आणि शेगडी जोडणारी नारिंगी ‘सुरक्षा’ नळी लागते आणि सिलिंडरवर रेग्युलेटर लागतो. नळीच्या आत तारेचं मजबुतीकरण असतं आणि बाहेरचं आवरण ज्वाळेला पटकन दाद देत नाही, उंदरांनाही सहज कुरतडता येत नाही. पाच वर्षांनी ती बदला, असं कंपन्या सांगतात. हिरवी-निळी साधी रबरी नळी वापरली तर थोडे पैसे वाचतीलही. पण ती फाटली, तर आग एकाच घरात थांबत नाही, भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडातही जाते. रेग्युलेटर नसेल, तर सिलिंडरमधल्या जास्त दाबाचा वायू शेगडीच्या बर्नरला पेलणारच नाही. म्हणजे एकाच व्यवहारात, एकाच टेबलावर दोन सक्ती शेजारी शेजारी उभ्या आहेत. एक शेजाऱ्याच्या जिवासाठी, दुसरी विकणाऱ्याच्या गल्ल्यासाठी. कंपन्यांनी ग्राहकाला नको असलेली जोडउपकरणं जोडून ठेवायला भाग पाडावं का, या प्रश्नाचं माझं उत्तर या दोन सक्तींमधल्या फरकात आहे. दर्जाची अट घालता येते, दुकानाची घालता येत नाही. आणि एखादं उपकरण काढून टाकलं तर काय बिघडतं आणि कोणाचं बिघडतं, हे दाखवण्याची जबाबदारी सक्ती करणाऱ्यावर आहे.

आपला कायदा या विचारापासून फार लांब नाही. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, त्या काळात टंचाईच्या वस्तूसोबत न खपणारी वस्तू माथी मारणं हा बाजारातला रोजचा अनुभव होता. अशा जोडविक्रीला पुढे ग्राहक कायद्यात ‘निर्बंधित व्यापारी प्रथा’ म्हणून जागा मिळाली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कलम २(४१) तेच सांगतं: एक वस्तू किंवा सेवा मिळण्यासाठी दुसरी घेण्याची पूर्वअट घालणं ही निर्बंधित प्रथा होय. स्पर्धा कायदा, २००२ मध्येही अशा बांधिलकीच्या करारांना आळा घालणारी कलमं आहेत. शेगडीची तक्रार या चौकटीत नीट बसते, कारण सक्ती घडते ती विक्रीच्या क्षणी आणि माणसाच्या तोंडून. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मात्र सक्तीची जागा बदलली आहे. पैसे देऊन, पावती घेऊन वस्तू घरी आणली, खोक्यातून काढली, वापरायला सुरुवात केली आणि त्यानंतर कधीतरी ती वस्तूच सांगू लागते की अमुक जोडलेलं नसेल तर मी चालणार नाही. सांगणारा माणूस समोर नसतो. सांगतो तो आतला प्रोग्रॅम.

याचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे प्रिंटर. वराळ्यासारख्या कॉलेजांच्या गावात प्रिंटर ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. प्रोजेक्ट रिपोर्ट, असाइनमेंट, आधार कार्डाची प्रत, सातबाऱ्याचा उतारा यांसाठी त्याचा रोज उपयोग होतो. घरगुती इंकजेट प्रिंटरचं कार्ट्रिज हातात घेऊन पाहिलं, तर त्यावर बारीक सोनेरी ठिपक्यांची एक चिप दिसते. कागदावर अक्षर उमटवायला शाई आणि ती फवारणारी सूक्ष्म छिद्रं पुरतात. चिपचं काम वेगळं आहे. कार्ट्रिज कोणत्या कंपनीचं, कोणत्या क्रमांकाचं, त्यात अंदाजे किती शाई उरली, हे ती प्रिंटरला सांगते. प्रिंटरला ओळख पटली नाही तर तो काम थांबवतो. १३ सप्टेंबर २०१६ रोजी एचपीच्या काही ऑफिसजेट प्रिंटरांनी जगभर एकाच वेळी इतर कंपन्यांची कार्ट्रिजं नाकारायला सुरुवात केली. आदल्या दिवशीपर्यंत ती बिनतक्रार चालत होती. कार्ट्रिज बिघडलं नव्हतं, प्रिंटरही बिघडला नव्हता. पुढे ऑस्ट्रेलियात कंपनीने बाधित ग्राहकांना भरपाई दिली आणि इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०२० मध्ये एक कोटी युरोचा दंड ठोठावला, कारण खरेदीच्या वेळी ग्राहकाला या मर्यादेची पुरेशी कल्पना दिलेली नव्हती.

याच्या पुढची पायरी अधिक बोलकी आहे. प्रिंटर, स्कॅनर आणि फॅक्स एकत्र असलेल्या काही यंत्रांत शाई संपली की स्कॅनही होत नाही, अशा तक्रारी घेऊन अमेरिकेतले ग्राहक एचपी आणि कॅनन यांच्याविरुद्ध न्यायालयात गेले. स्कॅन करणं म्हणजे काचेवर ठेवलेल्या कागदावर प्रकाश टाकून त्याचं चित्र संगणकात पाठवणं. त्यात शाईचा एक थेंब लागत नाही. कित्येक रंगीत प्रिंटर फक्त काळ्या अक्षरांचं पान छापायलाही नकार देतात, कारण पिवळी शाई संपलेली असते. ज्याला फक्त स्कॅनर हवा आहे त्याने शाईची कार्ट्रिजं विकत घेऊन जोडून ठेवायची, ती वाळली की पुन्हा घ्यायची. सुरक्षा नळीला लावलेली कसोटी इथे लावली तर उत्तर लगेच मिळतं: कार्ट्रिज काढलं म्हणून स्कॅनरचं काहीच बिघडत नाही, कमी होते ती शाईची विक्री.

यावर कंपन्यांचं पहिलं उत्तर आर्थिक असतं आणि त्यात तथ्य आहे. प्रिंटर आम्ही स्वस्तात, कधी जवळजवळ उत्पादनखर्चात विकतो आणि तो खर्च शाईतून भरून काढतो. बाहेरची शाई मोकळेपणाने चालू दिली तर प्रिंटर महाग करावा लागेल आणि गरीब ग्राहकाचंच नुकसान होईल. हा हिशेब खोटा नाही. पण तो ग्राहकापासून लपवलेला हिशेब आहे. दुकानात किमतीची चिठ्ठी प्रिंटरवर असते, पुढच्या तीन वर्षांच्या शाईवर नसते. शिवाय दुसरा मार्ग नव्हताच असं म्हणता येत नाही. आशियातल्या बाजारांत, आपल्याकडेही, छोट्या दुकानदारांनी साध्या प्रिंटरांना बाहेरून नळ्या आणि शाईच्या बाटल्या जोडून छपाई स्वस्त केली. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी स्वतःच टाकीवाले प्रिंटर आणले. ते महाग मिळतात, पण बाटलीतली शाई ओतायची आणि हजारो पानं छापायची. ज्याला जास्त छापायचं आहे तो आधी जास्त पैसे मोजतो आणि पुढे निवांत राहतो. कंपन्या बुडाल्या नाहीत. झेरॉक्सच्या दुकानांत आज हेच प्रिंटर सर्रास दिसतात.

स्वस्तात देऊन ताबा राखायचा असेल, तर त्याची प्रामाणिक रीतही गॅसच्या धंद्यानेच दाखवलेली आहे. सिलिंडर आणि रेग्युलेटर आपण विकत घेत नाही. त्यांची अनामत भरतो, वस्तू कंपनीच्या मालकीच्या राहतात, कनेक्शन परत केलं की नियमाप्रमाणे अनामत परत मिळते. तिथे कंपनीने ‘यात दुसऱ्याचा गॅस भरू नका’ म्हटलं, तर ते रास्तच आहे, कारण भांडं तिचं आहे. प्रिंटरच्या बाबतीत कंपनीला दोन्ही हवं असतं: विक्रीचे पूर्ण पैसे आणि मालकाचा हुकूमही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० मे २०१७ च्या लेक्समार्क प्रकरणातल्या निकालात याच दुहेरी दाव्याचं एक टोक छाटलं. लेक्समार्क ही प्रिंटर कंपनी काही टोनर कार्ट्रिजं सवलतीत विकत असे आणि ती पुन्हा भरू नयेत, कंपनीलाच परत करावीत, अशी अट घालत असे. वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपतो, मग विक्रीच्या करारात काहीही लिहिलेलं असो, असं न्यायालयाने सांगितलं. करार मोडल्याचा दावा करायचा तर करा, पण पेटंटची काठी उगारता येणार नाही. विकलेल्या वस्तूची मालकी अर्धी-मुर्धी नसते, हे त्यातून ठरलं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: सुरक्षिततेचा आणि जबाबदारीचा. बाहेरचा सुटा भाग लावला आणि त्यातून अपघात झाला तर नाव कंपनीचं खराब होतं. या आक्षेपाची भारतातली सर्वांत मोठी परीक्षा मोटारींच्या बाबतीत झाली आणि तिचा एक धागा वराळ्याच्या परिसरात येतो. नवलाख उंबरे भागातल्या तळेगाव एमआयडीसीत जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. शेव्हरोलेच्या स्पार्क आणि बीट या छोट्या गाड्या तिथे बनत. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला. त्यांत जनरल मोटर्सच्या वाट्याला साडेचौऱ्याऐंशी कोटींच्या आसपास आणि टाटा मोटर्सच्या वाट्याला सर्वाधिक, सुमारे १,३४६ कोटी आले. आरोप असा होता की कंपन्या मूळ सुटे भाग खुल्या बाजारात मिळू देत नाहीत, बिघाड शोधणारी उपकरणं आणि सॉफ्टवेअर बाहेरच्या गॅरेजांना देत नाहीत आणि बाहेर दुरुस्ती केली की वॉरंटी रद्द करतात. बौद्धिक संपदा आणि सुरक्षितता ही कंपन्यांची ढाल होती. आयोगाने ती सरसकट मान्य केली नाही. त्याने सांगितलं की बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून वॉरंटी रद्द करणारी अट नको. बाहेरच्या चुकीच्या दुरुस्तीमुळे जेवढं नुकसान झालं असेल, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल. पुढे अपिलं झाली, दंडाच्या रकमेवर आणि आयोगाच्या अधिकारांवर न्यायालयांत वाद चालले. तरी त्या आदेशातली ही मांडणी मला फार मोलाची वाटते. धोक्याची भीती दाखवून सगळं दार बंद करायचं नाही. धोका झाला तर तो कशामुळे झाला हे सिद्ध करायचं आणि जबाबदारी तेवढीच वाटायची.

तळेगावच्या कारखान्याची पुढची गोष्ट या मुद्द्याला आणखी धार लावते. जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतात गाड्या विकणं थांबवलं, तळेगावातलं उत्पादन २०२० च्या डिसेंबरमध्ये बंद झालं आणि कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने २०२३ मध्ये केला. सेवा आणि सुटे भाग देत राहू, असं आश्वासन कंपनीने जाताना दिलं होतं. पण रस्त्यावर राहिलेल्या बीट आणि स्पार्क चालत्या ठेवण्यासाठी नाक्यावरचं गॅरेज आणि खुल्या बाजारातला सुटा भाग किती मोलाचा, हे त्या गाडीच्या मालकाला वेगळं सांगायला नको. कंपनी देश सोडून जाऊ शकते, एखादा विभाग बंद करू शकते, सर्व्हर थांबवू शकते. जे उपकरण फक्त त्याच कंपनीचा तुकडा जोडलेला असेल तरच चालतं, त्याचं आयुष्य मग ग्राहकाच्या निगराणीवर अवलंबून राहत नाही, कंपनीच्या ताळेबंदावर अवलंबून राहतं.

डिजिटल सुरक्षिततेचा युक्तिवाद याच आक्षेपाचं नवं रूप आहे. बाहेरच्या कार्ट्रिजच्या चिपमधून संगणकात विषाणू शिरू शकतो, असं एचपीच्या प्रमुखांनी २०२४ च्या सुरुवातीला जाहीरपणे म्हटलं होतं. शक्यता नाकारण्याचं कारण नाही. पण शाईच्या डबीत चिप बसवण्याचा निर्णय कंपनीचाच आहे. त्या वाटेने धोका येत असेल तर प्रिंटरने चिपकडून येणारी माहिती कडक तपासावी आणि चिपच्या सुरक्षिततेचं मानक जाहीर करावं. ते मानक जो पाळेल त्याचं कार्ट्रिज चालावं. मानकाची ही वाट आपल्याकडे इलेक्ट्रिक दुचाकींत दिसली आहे. एथरने स्वतःच्या स्कूटरसाठी तयार केलेला चार्जिंग कनेक्टर इतरांना खुला केला आणि २०२३ मध्ये भारतीय मानक ब्युरोने हलक्या वाहनांसाठी त्यावर आधारित मानकाला मंजुरी दिली. त्याच वर्षी उलटं उदाहरणही घडलं. अनुदानासाठी ठरलेल्या किमतीच्या मर्यादेत बसावं म्हणून काही कंपन्यांनी चार्जर वेगळी ‘ॲक्सेसरी’ म्हणून विकला होता. सरकारने हरकत घेतली तेव्हा ओला, एथर, टीव्हीएस आणि हीरोच्या विडाला चार्जरचे पैसे ग्राहकांना परत करण्याची तयारी दाखवावी लागली. ज्याच्याशिवाय गाडी चालतच नाही त्याला जोडवस्तू म्हणायचं आणि ज्याच्याशिवाय यंत्र खुशाल चालतं त्याला अनिवार्य म्हणायचं, या दोन्ही खेळींत ग्राहकाचाच तोटा असतो.

मग फास्टॅगचं काय, असं कोणी विचारेल. उर्से, खालापूर, सोमाटणे, वरसोली या नाक्यांवरून ये-जा करणाऱ्या मावळातल्या वाहनधारकाला काचेवर टॅग चिकटवावाच लागतो. राष्ट्रीय महामार्गांवर फेब्रुवारी २०२१ पासून आणि राज्याच्या टोलनाक्यांवर १ एप्रिल २०२५ पासून तो बंधनकारक झाला. टॅग काचेला न चिकटवता हातात धरून दाखवणाऱ्यांचे टॅग काळ्या यादीत टाकण्याची भूमिकाही महामार्ग प्राधिकरणाने २०२५ मध्ये घेतली. ही सक्ती मला मुळात मान्य होण्यासारखी वाटते. तिचा हेतू रांग कमी करण्याचा आहे, मागच्या गाडीचा वेळही त्यात गुंतलेला आहे आणि टॅग कोणत्या बँकेचा घ्यायचा हे आपल्या हातात आहे. म्हणजे इथे सक्ती मानकाची आहे. तिचं कच्चं अंग उघडं पडलं ते पेटीएम पेमेंट्स बँकेच्या वेळी. रिझर्व्ह बँकेच्या कारवाईनंतर १५ मार्च २०२४ पासून त्या बँकेच्या टॅगमध्ये पैसे भरणं बंद झालं आणि लोकांना जुना टॅग बंद करून दुसऱ्या बँकेचा नवा घ्यावा लागला. मोबाइल नंबरासारखा तोच टॅग दुसऱ्या बँकेकडे नेता येत नव्हता. केबल आणि डीटीएचच्या सेट-टॉप बॉक्सचंही तेच दुखणं आहे: कंपनी बदलली की चालता डबा निकामी. हे डबे आपापल्या क्षेत्रातल्या कोणत्याही कंपनीच्या सेवेला चालावेत अशी शिफारस दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने एप्रिल २०२० मध्ये केली, पण घरोघरच्या माळ्यांवर जुने डबे पडलेलेच आहेत.

‘अटी मान्य’ हे बटण ग्राहकाने स्वतः दाबलेलं असतं, हा शेवटचा आक्षेप. कराराचं स्वातंत्र्य मीही मानतो. पण वस्तूचे पैसे दिल्यानंतर, खोकं उघडल्यानंतर पडद्यावर आलेल्या पन्नास पानांना दिलेली संमती ही सौद्यात दिलेली संमती नव्हे. आणि विक्रीनंतर दोन वर्षांनी आलेल्या अपडेटने नवीच अट घातली, तर तिला संमती दिली कोणी? युरोपीय संघाने २०२४ मध्ये केलेल्या दुरुस्तीविषयक निर्देशात यादीतल्या उपकरणांपुरता हा प्रश्न हाती घेतला आहे: सबळ कारण नसताना कराराने, यंत्ररचनेने किंवा सॉफ्टवेअरने दुरुस्ती अडवणं त्यात मना आहे आणि सदस्य देशांना ते ३१ जुलै २०२६ पासून लागू करायचं आहे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं त्यात आहेत. पोर्टल माहिती देतं. अपडेट पाठवून चालतं यंत्र अडवणाऱ्याला रोखण्याची ताकद त्यात नाही.

ती ताकद यायची तर २०१९ च्या कायद्यात दोन ठिकाणी हात घालावा लागेल. कलम २(४१) वस्तू खरेदी करणं, भाड्याने घेणं आणि मिळवणं यांच्यावरची पूर्वअट धरतं. विकत घेतलेली वस्तू वापरत राहण्यावरची अटही त्यात स्पष्ट शब्दांत यायला हवी, म्हणजे शाई नाही म्हणून अडलेला स्कॅनर थेट कायद्याच्या कक्षेत येईल. दुसरी अडचण तक्रारीच्या जागेची आहे. ग्राहकाला अवाजवी अटीत अडकवणारा ‘अनुचित करार’ रद्द ठरवण्याची सोय कायद्यात आहे, पण ती तक्रार जिल्हा आयोगाकडे चालत नाही, राज्य आयोगाकडे न्यावी लागते. दहा-पंधरा हजारांच्या प्रिंटरसाठी वराळ्यातला झेरॉक्सवाला राज्य आयोगाची पायरी चढणार नाही, हे कंपन्यांना चांगलं ठाऊक असतं. कमी रकमेच्या वस्तूंपुरता तरी हा अधिकार पुण्यातल्या जिल्हा आयोगाकडे द्यावा. आणि एकाच अपडेटने हजारो यंत्रं अडतात तेव्हा प्रत्येकाच्या तक्रारीची वाट न पाहता, सर्व ग्राहकांच्या वतीने पाऊल उचलण्याचा जो अधिकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला २०२० पासून आहे, तो त्याने अशा ठिकाणी वापरावा.